बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५)

मराठी संगीत नाटकाचा अभ्यास करताना अण्णासाहेब किर्लोस्करांचे चरित्र आपण बहुधा एका तारखेपाशी आणून थांबवतो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यातील आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. तारीख बरोबर आहे. मात्र त्या रात्री पूर्ण नाटक झाले नव्हते, सातांपैकी फक्त पहिले चार अंक रंगभूमीवर आले होते, याकडे परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याचे सहसा लक्ष जात नाही. अण्णासाहेबांचे कार्य समजून घेण्यासाठी प्रस्तुत घटकात आपण हाच धागा धरणार आहोत. नवे संगीत नाटक घडते कसे, त्यासाठी कोणाची आणि कशाची साथ लागते, हे त्या अपुऱ्या प्रयोगावरून कळते.

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी गुर्लहोसूर या कर्नाटकातील गावी झाला. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सांगलीस विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाखाली ‘सीतास्वयंवर’ सादर केले. गुर्लहोसूरचा परिसर कानडी भाषेचा, तर घरातील भाषा मराठी. दोन भाषांचे नाद कानांवर पडत वाढलेल्या मुलाला चालींची जी जाण येते, ती पुढे त्यांच्या पदरचनेत स्पष्ट दिसते. धारवाड, कोल्हापूर व पुणे येथे त्यांचे शिक्षण झाले. परंतु अभ्यासापेक्षा नाटकमंडळ्यांचा मुक्काम कोठे पडला आहे, याकडेच त्यांचे चित्त अधिक असे. फिरत्या मंडळ्यांना ते पदे रचून देत. पुढे बेळगावात त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. तेथील त्यांच्या विद्यार्थ्यांत गोविंद बल्लाळ देवल होते. नंतर ते रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीस लागले व पुण्यास आले. १८७३ मध्ये त्यांनी ‘शांकरदिग्जय’ हे गद्य नाटक लिहिले होते, पण त्याने त्यांची वाट ठरली नाही.

१८८० साली पुण्यात एका पारशी मंडळीने केलेला ‘इंद्रसभा’चा खेळ त्यांच्या पाहण्यात आला आणि असे नाटक मराठीत का नसावे, या विचाराने त्यांना पछाडले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मुंबईत त्याआधीच, १८७९ मध्ये, सोकर बापूजी त्रिलोकेकर यांचे ‘नलदमयंती’ रंगभूमीवर आले होते. त्यामुळे पहिले संगीत नाटक कोणते, याविषयी मतभेद आहेत. माझ्या मते हा वाद फारसा फलदायी नाही. कोणते नाटक आधी झाले यापेक्षा कोणत्या नाटकामागे टिकून राहणारी मंडळी उभी राहिली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

अण्णासाहेबांनी नेमके काय बदलले? भावे यांच्या पद्धतीत पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे प्रसंगानुरूप आयत्या वेळी गद्य बोलत. गाणे एकाचे आणि प्रसंग दुसऱ्याचा, अशी ती विभागणी होती. अण्णासाहेबांनी गाणे पात्राच्या मुखी दिले. दुष्यंताची व्याकुळता दुष्यंतच गाऊ लागला आणि संवादही लेखी, पाठ केलेले झाले. पिंगळीसारख्या गावात हरिनाम सप्ताहातील कीर्तने ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना गद्यातून पद्यात आणि पद्यातून पुन्हा गद्यात जाण्याची रीत निराळी समजावून सांगायला नको. कीर्तनकाराची ती सहजता अण्णासाहेबांनी नाटकात आणली, आणि एका कीर्तनकाराच्या ठिकाणी अनेक पात्रे उभी केली.

कालिदासाचे नाटक मराठीत त्यापूर्वीही आले होते. परशुरामतात्या गोडबोले यांचे भाषांतर १८६१ चे. ते वाचकांसाठी उपयुक्त होते. अण्णासाहेबांपुढची अडचण वेगळी होती. संस्कृत वृत्तातील श्लोक दाट असतो. सामासिक पदांनी भरलेली त्याची ओळ ऐकता ऐकता श्रोत्याला कळणे कठीण. म्हणून त्यांनी साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा परिचित चाली घेतल्या, लावणीचे वळण घेतले, कानडी पदांच्या चाली घेतल्या व त्यांच्या जोडीला रागदारी ठेवली. ‘शाकुंतला’त सुमारे दोनशे पदे आहेत. आजच्या प्रेक्षकाला ही संख्या छाती दडपणारी वाटेल. परंतु त्यांतील कितीतरी पदे दोन-चार ओळींची आहेत आणि ती संवादाचेच काम करतात. भाषेच्या अभ्यासकाला येथे एक गोष्ट जाणवते : या पदांतील शब्दक्रम बोलीच्या जवळ राहतो, चालीसाठी वाक्याची मोडतोड फारशी होत नाही.

आता अपुऱ्या अंकांकडे वळू. चार अंकांनंतर प्रेक्षकांची पसंती दिसली आणि उरलेले अंक १८८१ मध्ये रंगभूमीवर आले. ‘सौभद्रा’चेही तसेच झाले. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी त्याचे तीन अंक झाले व पाच अंकी संपूर्ण नाटक १८८३ मध्ये उभे राहिले. यास घाई म्हणता येईल, पण त्यात एक शहाणपणही होते. पदाची चाल लेखणीने ठरत नाही, ती गळ्यावर आणि श्रोत्यांपुढे पारखावी लागते. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे गायक नट हाताशी होते, म्हणूनच ‘शाकुंतल’ शक्य झाले. १८८२ मध्ये बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. त्यांचा उंच, धारदार आवाज मंडळीला लाभला आणि सुभद्रा त्यांच्याकडे गेली.

‘सौभद्र’ हे अण्णासाहेबांचे खरे स्वतंत्र नाटक. कथा महाभारतातील. बलराम सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी ठरवतो, अर्जुन यतीच्या वेषात द्वारकेत येतो आणि कृष्ण पडद्याआडून सर्व सूत्रे हलवतो. पण कृष्ण-रुक्मिणीचे बोलणे ऐकताना आपण देवांच्या नव्हे, एकोणिसाव्या शतकातील एखाद्या सुखवस्तू मराठी घराच्या माजघरात असल्यासारखे वाटते. मुलीच्या मनाविरुद्ध वडीलधाऱ्याने लग्न ठरवणे ही गोष्ट त्या प्रेक्षकांना पुराणातून शिकायची गरज नव्हती.

संस्थानिकाच्या आश्रयाऐवजी तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांवर आणि गावोगावच्या दौऱ्यांवर किर्लोस्कर मंडळी उभी होती. अशा मंडळीला सतत नवे नाटक लागते. तिसरे नाटक ‘रामराज्यवियोग’ १८८४ मध्ये नेहमीच्या रीतीने, तीन अंकांनिशी, रंगभूमीवर आले. सुभद्रा गाणाऱ्या भाऊरावांकडे त्यात मंथरेची भूमिका होती. पुढचे अंक मात्र लिहून झालेच नाहीत. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, अण्णासाहेबांचे निधन झाले. ‘शाकुंतला’च्या पहिल्या रात्रीपासून मोजल्यास पाच वर्षे आणि दोन दिवस.

नाटककार गेला की त्याची मंडळी मोडते, हा त्या काळचा नेहमीचा अनुभव. येथे तसे घडले नाही. गाण्यासाठी भाऊराव होते आणि तालमीसाठी बेळगावच्या वर्गातील ते विद्यार्थी, देवल, होते. त्याच मंडळीने १८९६ मध्ये श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ केले, १८९९ मध्ये देवलांचे ‘शारदा’ केले, १९०५ मध्ये बालगंधर्वांना आपल्यात घेतले आणि १९११ मध्ये खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. ‘रामराज्यवियोग’ मात्र तीन अंकांचेच राहिले.