विश्लेषण : नागाचे विष, मिटणाऱ्या पापण्या आणि अ‍ॅसिटिलकोलीन… ‘एम्स’चे पहिले संचालक डॉ. दीक्षित यांचे संशोधन काय होते?

वडवणी तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे फडाजवळच्या कोपीत जमिनीवरच झोपतात. रात्री नाग किंवा मण्यार चावली, तर आधी पापण्या मिटू लागतात, मग गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात, त्या सूक्ष्म जागेवर विषाचा घाला पडतो. त्या जागी निरोप्याचे काम करते अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन. याच रसायनाचा माग एका मराठी डॉक्टरने नव्वद वर्षांपूर्वी एडिंबरात काढला होता.

कोण होते डॉ. दीक्षित?

भालचंद्र बाबाजी दीक्षित (१९०२-१९७७) हे दिल्लीच्या ‘एम्स’चे पहिले संचालक म्हणून ओळखले जातात. मात्र त्यांची मूळ ओळख संशोधकाची. डॉक्टर होऊनही दवाखाना थाटण्याऐवजी ते औषधशास्त्राकडे वळले. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी रामनाथ चोप्रा यांच्यासोबत काम केले. दारुहळदीतील बर्बेरिन या घटकाचा शरीरावर होणारा परिणाम त्यांनी तपासला. त्यानंतर ते एडिंबरा विद्यापीठात गेले.

एडिंबरात काय घडले?

तो काळ मोठ्या वादाचा होता. मज्जातंतूचा निरोप विजेने जातो की रसायनाने? ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून रसायनाच्या बाजूने पुरावा दिला होता. एडिंबरात औषधशास्त्राचे प्राध्यापक होते ए. जे. क्लार्क. औषध पेशीवरील ठराविक जागांना, म्हणजे रिसेप्टरना चिकटूनच काम करते, हे गणिताने मांडणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांपैकी ते एक.

दीक्षित यांनी मांजराच्या मेंदूतील पोकळीत अ‍ॅसिटिलकोलीनची अत्यल्प मात्रा सोडली. मांजराला झोपेसारखी अवस्था आली. हे निरीक्षण १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूतील केंद्रे उत्तेजित झाल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात, हेही त्यांनी त्याच वर्षी दाखवले. झोपेचे गणित पुढे बरेच गुंतागुंतीचे निघाले. पण मेंदूतही रसायने निरोप देत असावीत, या विचाराला या प्रयोगांनी बळ दिले. १९३६ मध्ये हेन्री डेल आणि सहकाऱ्यांनी हातापायांच्या स्नायूंवरही मज्जातंतू अ‍ॅसिटिलकोलीनच सोडतो, हे सिद्ध केले. लोवी आणि डेल यांना त्याच वर्षी नोबेल मिळाले.

भारतात परतल्यावर…

दीक्षित यांनी मुंबईच्या हाफकिन संस्थेत काम केले. साहिबसिंग सोखी यांच्यासोबत त्यांनी प्लेगवर सल्फाथायाझोल या औषधाचे प्रयोग केले. त्यावरील लेख १९४० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले. १९५६ मध्ये संसदेच्या कायद्याने ‘एम्स’ स्थापन झाली, तेव्हा संचालकपदासाठी त्यांची निवड झाली. अध्यापक खासगी व्यवसाय न करता शिकवतील, उपचार करतील आणि संशोधनही करतील, ही तिथली घडी बसवण्याचे काम पहिल्या संचालकाच्या वाट्याला आले.

रिसेप्टर नेमके जागेवर कसे जमतात?

या प्रश्नाचे उत्तर दीक्षित यांच्या निधनानंतर उलगडत गेले. गर्भात स्नायूचा धागा तयार होतो, तेव्हा अ‍ॅसिटिलकोलीनचे रिसेप्टर त्याच्या पृष्ठभागावर बरेचसे विखुरलेले असतात. मज्जातंतूचे टोक येऊन टेकते आणि अ‍ॅग्रिन नावाचे प्रथिन सोडते. त्याने स्नायूतील ‘मस्क’ हे प्रथिन जागे होते आणि रॅप्सिन हे दुसरे प्रथिन रिसेप्टरना टोकाखाली घट्ट बांधून ठेवते.

त्याच वेळी मज्जातंतूच्या संदेशांचे दुसरे काम सुरू असते. स्नायू आकुंचन पावू लागला की इतर ठिकाणी नवे रिसेप्टर बनणे थांबते. अ‍ॅग्रिनचा आधार नसलेले पुंजके अ‍ॅसिटिलकोलीनमुळेच विरतात. म्हणजे एक संदेश बांधतो, दुसरा झाडून काढतो. शेवटी संधीच्या जागी एका चौरस मायक्रॉनमध्ये सुमारे १० हजार रिसेप्टर दाटतात. मज्जातंतू तुटला, तर ते पुन्हा स्नायूभर पसरतात. म्हणूनच अर्धांगवायूच्या किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला भूल देताना सक्सिनिलकोलीन हे औषध डॉक्टर टाळतात. विखुरलेल्या रिसेप्टरमुळे रक्तातील पोटॅशियम धोकादायकरीत्या वाढू शकते.

रिसेप्टर मोजले कसे?

सापाच्या विषाने! तैवानमधील एका मण्यारीच्या विषातून मिळालेले बंगारोटॉक्सिन या रिसेप्टरना घट्ट चिकटते. त्याला किरणोत्सर्गी खूण लावून शास्त्रज्ञांनी ते मोजले.

वडवणीकरांनी काय लक्षात ठेवावे?

नागाचे विष रिसेप्टरच अडवते. आपल्याकडच्या मण्यारीचे विष मुख्यतः मज्जातंतूचे टोक निकामी करते. मण्यारीच्या दंशाची खूण वा सूज अनेकदा दिसतही नाही. कपाशीवर फवारल्या जाणाऱ्या काही कीटकनाशकांचा परिणाम वेगळा असतो. त्यांच्यामुळे अ‍ॅसिटिलकोलीन वेळेत नष्ट होत नाही, ते साचते. लाळ सुटते, बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडून थकतात. तिन्ही प्रकारांत जीव जातो तो प्रामुख्याने श्वास थांबल्याने. म्हणून मांत्रिकाकडे किंवा घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. प्रतिविष किंवा अ‍ॅट्रोपिन वेळेत मिळाले आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास दिला गेला, तर रुग्ण वाचू शकतो. मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला हा निरोप पुन्हा सुरू होईपर्यंत त्याचा श्वास चालू ठेवणे, हीच खरी लढाई असते.