ओहम : कुलूप बनवणाऱ्याचा मुलगा

'व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध' हे आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलं. ज्याच्या नावाचा हा नियम, त्या गेऑर्ग सिमोन ओहमची ही थोडक्यात ओळख.

जन्म १६ मार्च १७८९, बव्हेरियातल्या एर्लांगेन गावी. वडील कुलपं बनवणारे कारागीर. स्वतःच शिकलेल्या या माणसाने मुलांना घरी गणित शिकवलं.

१८१७ साली ओहम कोलोनच्या शाळेत शिक्षक झाला. तिथे तो वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून वाहणारा करंट मोजू लागला. त्या काळच्या बॅटरीचा दाब स्थिर राहत नसे, म्हणून त्याने तांबं-बिस्मथचा थर्मोकपल घेतला. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात!

१८२७ साली पुस्तक निघालं, पण जर्मनीत त्याची फारशी कदर झाली नाही. ओहमने कोलोनची नोकरी सोडली आणि कित्येक वर्षं ओढगस्तीत काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला नोकरी मिळाली, १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक आणि १८५२ मध्ये म्युनिकला प्राध्यापकपद. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी तो वारला. १८८१ च्या पॅरिस परिषदेत रोधाच्या एककासाठी त्याचं नाव अधिकृतपणे स्वीकारलं गेलं.

आता घरातलं उदाहरण. भारतातून आणलेली किटली २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेते. रोध २३० ÷ ५ = ४६ ओहम, पॉवर २३० × ५ = ११५० वॅट. तीच अमेरिकेत १२० व्होल्टवर लावली तर करंट सुमारे २.६ अँपिअर, पॉवर जेमतेम ३१३ वॅट. चहाला उशीर होणारच! उलट, इथली किटली तिकडे नेऊन थेट लावू नका. चौपट्टीच्या आसपास पॉवर ओढून ती जळेल.