तंजावरचे सरफोजी राजे : राज्य गेल्यावरची कर्तबगारी

गणपतीच्या मांडवात चार जुनी माणसे बसली, की बोलणे हमखास १ नोव्हेंबर १९५६ वर येते. त्या दिवशी आपला मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यातून निघून आदिलाबादला जोडला गेला. भाषा घरात राहिली, कचेरी मात्र तेलुगूची झाली. आम्ही स्वतः सरकारी नोकर. दिवसभर तेलुगूत टिपणी लिहायची आणि संध्याकाळी घरी आईशी मराठीत बोलायचे, यात आम्हाला कधी अवघड वाटले नाही. पण मुले आता मराठी बोलतात आणि वाचत नाहीत, हे मात्र टोचते. म्हणून यंदा अशा एका मराठी राजाची हकिकत सांगतो, जो महाराष्ट्रापासून दूर तमिळ मुलखात जन्मला आणि तिथेच वारला.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापिले, हे आपण शाळेत वाचले आहे. त्याच घराण्यातले सरफोजी राजे (दुसरे) यांचा जन्म १७७७ चा. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांना दत्तक घेतले. पण दत्तकविधान शास्त्राला धरून नाही असा वाद निघाला आणि गादीवर तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग बसले. दहा वर्षांचे पोर नजरकैदेत पडले. त्याच्या पाठीशी उभा राहिला तो श्वार्ट्झ नावाचा जर्मन पाद्री. त्याने खटपट करून मुलाला मद्रासला नेवविले आणि शिक्षणाची सोय केली. पुढे निकाल सरफोजींच्या बाजूने लागला आणि १७९८ मध्ये ते गादीवर आले. श्वार्ट्झ त्याच वर्षी काही महिने आधी वारला होता. राजांनी लंडनचा शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून त्याचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. मरणशय्येवरच्या पाद्र्याचा हात धरून राजे उभे आहेत, असे ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे. धर्म मात्र राजांनी आपला सोडला नाही.

गादी मिळाली, पण राज्य टिकले नाही. १७९९ च्या तहाने सगळा कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांकडे किल्ला, आसपासचा थोडा भाग, वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. वय बावीस वर्षांचे. अशा स्थितीत दुसरा कोणी शिकार आणि नाचगाण्यात आयुष्य घालविता. सरफोजींनी काय केले ते ऐकण्यासारखे आहे.

१८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. चोळ राजांनी बांधलेल्या, तमिळ शिलालेखांनी भरलेल्या त्या देवळात देवनागरी अक्षरांच्या ओळीच्या ओळी पाहून मराठी यात्रेकरू थबकतो. त्यानंतर त्यांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि १८०६ च्या सुमारास तिथे इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले १८३२ मध्ये, म्हणजे तंजावरचे हे मराठी पुस्तक त्याच्या पंचवीस वर्षे आधीचे.

आणखी नवल त्यांच्या 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकाचे. कुरवंजी हा दक्षिणेतला नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली एक बाई येऊन भविष्य सांगते. सरफोजींच्या नाटकातली बाई जगाचा भूगोल सांगते! कुठला खंड कुठे आहे, त्यात कोणते देश आहेत, हे सगळे मराठी पद्यात. ज्या काळी आपल्याकडे नकाशा पाहिलेला माणूस विरळा, त्या काळची ही गोष्ट.

समुद्रकाठी पट्टुकोट्टईजवळ 'मनोरा' नावाची आठ मजली इमारत आहे. नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून ती सरफोजींनी बांधविली. ज्या कंपनीने राज्य घेतले तिच्याच विजयाचा मनोरा बांधावा, हे आम्हाला थोडे खटकते. पण पेन्शनीवर असलेल्या राजाला वरच्यांची मर्जी राखावी लागते, हे आम्हा नोकरदारांना कोणी समजावून सांगायला नको.

'धन्वंतरी महाल' काढून त्यांनी वैद्यक आणि औषधी वनस्पतींचा अभ्यास चालविला. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे, रोगी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, आजही जपून ठेवलेली आहेत. ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात यात्रेकरूंना अन्न आणि मुलांना विद्या मिळत असे. १८२० साली ते मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले. १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हीबर त्यांना भेटले, तेव्हा हा राजा युरोपातल्या शास्त्रज्ञांची आणि शेक्सपिअरची चर्चा करतो हे पाहून तेही चकित झाले.

पण सर्वांत मोठे काम सरस्वती महाल ग्रंथालयाचे. नायक राजांच्या वेळेपासूनचा हा संग्रह सरफोजींनी अनेक पटींनी वाढविला. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी पोथ्यांशेजारी त्यांनी विकत घेतलेले इंग्रजी, फ्रेंच, जर्मन ग्रंथ आहेत. मोडी दफ्तरांची शेकडो रुमाले वेगळीच.

राजे ७ मार्च १८३२ रोजी वारले. पुत्र शिवाजी राजे १८५५ मध्ये पुरुष वारस न ठेवता गेले आणि कंपनीने उरलेसुरले राजेपणही संपविले. ग्रंथालय मात्र राहिले, १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. तिथली अडचण आता एकच : मोडी वाचणारे हात कमी आणि रुमाले फार.

ही अडचण आपल्या मुधोळ-भैंशातही आहे. आमच्या घरी आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत मोडी कागदांचा एक गठ्ठा आहे. त्यात जमिनीचा दाखला आहे की कोणाच्या लग्नाचा खर्च, हे घरात एकालाही वाचता येत नाही. आम्हालाही नाही. आजोबा होते तेव्हा शिकून घेतले नाही, हा दोष आमचाच.

आपण सगळे बासरला जाऊन सरस्वतीसमोर मुलांचा अक्षराभ्यास करतो. पाटीवर पहिले अक्षर तेलुगू असो वा इंग्रजी, त्याला हरकत नाही. सरफोजी तर कितीतरी भाषा शिकले आणि त्या सगळ्यांतले जग मराठीत आणीत राहिले. आपण निदान एवढे करू : यंदाच्या दहा दिवसांत आरतीनंतर अर्धा तास मुलांना मांडवात बसवू आणि याच स्मरणिकेतले एक पान त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेऊ. अडखळली तर अडखळू द्या. सुरुवात या पानापासून केली तरी चालेल.

गणपती बाप्पा मोरया!