रेव्हरंड नारायण वामन टिळक

पुण्याच्या उत्तरेस आज पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांचा मोठा औद्योगिक पट्टा पसरलेला आहे. कारखान्यांच्या भोंग्यांवर तेथील जीवन चालते. परंतु याच परिसरातून इंद्रायणी वाहते आणि तिच्या काठी देहू व आळंदी ही दोन पुण्यक्षेत्रे वसली आहेत. देहूच्या तुकोबांची अभंगवाणी महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. त्याच वाणीचा आधार घेऊन एका थोर कवीने ख्रिस्ती उपासनेला मराठी रूप दिले. तो कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. वडिलांचा स्वभाव अत्यंत कडक होता. आई मात्र प्रेमळ व भाविक होती. तिच्यामुळे बालपणीच त्यांना काव्याची गोडी लागली. दुर्दैवाने ही माता लवकरच निवर्तली. आईवाचून घर त्यांना शून्य वाटू लागले आणि लहान वयातच ते घर सोडून नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले यांच्या मनकर्णिका नावाच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्धीस आल्या.

टिळकांचे मन सदैव अस्वस्थ असे. जातिभेदामुळे देश दुबळा झाला आहे, हा विचार त्यांना छळीत असे. खरा धर्म कोणता, याचा शोध घेत ते गावोगाव फिरले. नागपुराहून राजनांदगावास जात असता आगगाडीत त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. दोघांचे काव्याविषयी व धर्माविषयी बोलणे झाले आणि जाताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती बायबलाची प्रत ठेवली. टिळकांनी ती वाचली. येशूने डोंगरावर केलेल्या उपदेशाने त्यांचे अंतःकरण हेलावून गेले. दीर्घ विचारांती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

या निर्णयाची किंमत फार मोठी होती. आप्तेष्टांनी संबंध तोडले. लक्ष्मीबाईंना तर आकाश कोसळल्यासारखे झाले. लहान मुलाला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. परंतु दोघांचे परस्परांवरील प्रेम आटले नाही. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या. त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती झाली नाही. स्वतःच्या विचाराने व स्वतःच्या वेळी, १९०० मध्ये, त्यांनी तो धर्म स्वीकारला.

टिळक अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिक्षक म्हणून काम करू लागले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तेथील प्रार्थनामंदिरांत त्यांच्या मनाला एक गोष्ट सारखी खटके. त्या काळी म्हटली जाणारी पुष्कळशी गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे असत आणि ती विलायती चालींवर गाइली जात. चालीच्या मापात शब्द बसविताना ऱ्हस्व अक्षर लांबवावे लागे, तर दीर्घ अक्षर तोडावे लागे. शब्द मराठी असूनही गीत परके वाटे. खेड्यातील शेतकऱ्याला अशा गीतात आपले मन कसे ओतता येणार?

अहमदनगरचे कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींची गीते व ख्रिस्ती कीर्तन यांचा पाया घातला होता. टिळकांनी त्यावर भव्य मंदिर उभारले. अभंगाची रचना साधी असते: सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा चरण. टाळ-मृदंगाच्या साथीवर तो कोणालाही म्हणता येतो. हा अभंग, ही ओवी, हे कीर्तन टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी वापरले. आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची श्रद्धा होती. धर्म बदलला म्हणून आपली भाषा, आपले संत आणि आपला देश परका होत नाही, हे त्यांनी आपल्या गीतांतून दाखवून दिले. मराठी उपासनेसाठी त्यांनी शेकडो गीते रचली.

अयोग्य अशा माणसालाही देवाने आपला मित्र म्हणावे, याचे नवल वर्णन करणारे त्यांचे एक गीत विशेष प्रसिद्ध आहे. पुण्यात काम करणारे स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्निकोल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. पुढे हे भाषांतर स्कॉटलंडातील एका जुन्या स्तोत्रचालीवर गाइले जाऊ लागले. पूर्वी इंग्रजी गीते मराठीत येत. आता मराठी कवीचे गीत समुद्र ओलांडून इंग्रजी प्रार्थनासंग्रहांत जाऊन बसले. मॅक्निकोल यांनी महाराष्ट्रातील संतांच्या अभंगांचीही इंग्रजी भाषांतरे केली होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

टिळकांचे काव्य केवळ प्रार्थनेपुरते नव्हते. फुले, मुले व पाखरे यांवर त्यांनी कोमल कविता लिहिल्या. म्हणून त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात. बालकवी ठोमरे यांना त्यांनी आपल्या घरी मायेने ठेवून घेतले. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यास गेले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. सर्व जातिधर्मांच्या माणसांनी बंधुभावाने एकत्र यावे, हा त्यामागील हेतू होता.

ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी आरंभिले होते. ते पुरे होण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. हे अपुरे कार्य लक्ष्मीबाईंनी आपल्या हाती घेतले. ज्या पत्नीला पतीच्या धर्मांतराने एके काळी दुःखात लोटले होते, तिनेच पतीचे महाकाव्य पूर्णत्वास नेले. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मराठी भाषेचे अमोल लेणे ठरले आहे.

आजही महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत टिळकांची गीते म्हटली जातात. इंद्रायणीकाठी उमटलेल्या अभंगाचा सूर अशा रीतीने आणखी एका मंदिरात घुमत राहिला आहे.