इब्ने अल-हैसम: प्रकाशाचा पहिला धडा

आज घराघरात फायबरचं इंटरनेट आलंय. केसाएवढ्या बारीक काचेच्या तारेतून प्रकाश धावतो आणि आपला व्हिडिओ कॉल लागतो. हे तंत्र शिकायचं असेल, तर सुरुवात इब्ने अल-हैसमपासून करावी.

त्यांचा जन्म सुमारे ९६५ मध्ये बसऱ्यात झाला. नाईलचा पूर आवरायची योजना घेऊन ते इजिप्तला गेले, पण नदी पाहिल्यावर हे जमणार नाही, असं त्यांनी कबूल केलं. खलीफा अल-हाकिमच्या रागापासून वाचण्यासाठी त्यांनी वेडाचं सोंग घेतलं आणि १०२१ मध्ये खलीफा जाईपर्यंत ते नजरकैदेत राहिले, असं सांगतात. पुढे ग्रंथांच्या नकला करून पोट भरलं.

तरी अभ्यास सुटला नाही. 'किताबुल मनाजिर'मध्ये त्यांनी प्रकाश सरळ रेषेत जातो आणि काचेत-पाण्यात शिरताना वाकतो, हे प्रयोगांनी तपासलं. फायबरमध्ये प्रकाश आतल्या काचेच्या कडेवर तिरका आदळतो आणि बाहेर न पडता आतच परततो. हा नियम नंतरच्यांनी शोधला; मात्र ऐकीव न मानता करून पाहायची वाट इब्ने अल-हैसम यांनी दाखवली. १०४० च्या सुमारास काहिरात त्यांचं निधन झालं.

मुलांनो, टॉर्च आणि पाण्याचा ग्लास घ्या. पहिला धडा घरातच आहे.