फकिरासमोर बसलेला शाहजादा



ज्या किल्ल्याकडे पाहत आपण रोज शाळेत येतो, त्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर १६६२ साली सुलेमान शुकोह नावाच्या तरुण कैद्याचा मृत्यू झाला. त्याचा अपराध एवढाच की तो दारा शुकोहचा मुलगा होता. या दाराची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

दाराचा जन्म २० मार्च १६१५ रोजी अजमेर येथे झाला. शाहजहान आणि मुमताज महल यांचा हा थोरला मुलगा. १६३३ मध्ये नादिरा बानूशी त्याचा विवाह झाला. लाहोरचे सूफी संत मियाँ मीर यांच्यावर त्याची अपार श्रद्धा होती. त्यांच्यानंतर त्यांचे शिष्य मुल्ला शाह यांना त्याने गुरू केले.

त्या काळची लघुचित्रे याची साक्ष देतात. दरबाराच्या चित्रात बादशहा सर्वांत उंच आसनावर असतो. संतभेटीच्या चित्रात मात्र शाहजादा साध्या वस्त्रातील फकिरासमोर जमिनीवर अदबीने बसलेला दिसतो. अशी चित्रे वर्गात दाखवली की मुले आम्हाला विचारतात, यात मोठा कोण? चित्रकाराने उत्तर आधीच दिलेले असते.

दाराने नादिराला चित्रांचा एक संग्रह भेट दिला. त्यात फुले आणि पक्षी आहेत, तसेच साधुसंतही आहेत. १६५३ मध्ये कंदाहारच्या मोहिमेत अपयश आल्यावर लाहोरला त्याने बाबा लाल या हिंदू संतांशी अनेक दिवस धर्मचर्चा केली. त्या भेटीचीही चित्रे काढली गेली. पुढे काशीच्या पंडितांच्या मदतीने त्याने सुमारे ५० उपनिषदे फारसीत आणली. हे काम १६५७ मध्ये पूर्ण झाले.

दाराचे दोषही आम्ही लपवणार नाही. तो कुशल सेनापती नव्हता आणि आपल्या ज्ञानाचा त्याला गर्व होता. अनेक सरदार त्यामुळे दुखावले. १६५८ मध्ये सामूगढच्या लढाईत औरंगजेबाने त्याचा पराभव केला. वणवण भटकत असताना नादिराने प्राण सोडला. सोबत थोडेच सैनिक उरले होते, तरी त्याने त्यातलेही काही तिच्या शवासोबत लाहोरला पाठवले. मियाँ मीर यांच्या समाधीजवळ तिचे दफन झाले. त्यानंतर, ज्याला दाराने कधी काळी मृत्युदंडातून वाचवले होते, त्याच मलिक जीवनने त्याला पकडून दिले. १६५९ मध्ये दिल्लीत त्याचा वध झाला.

नंतर त्या चित्रसंग्रहातील अर्पणलेखही कुणीतरी मिटवण्याचा प्रयत्न केला, पण दाराचे नाव काही पानांवर राहूनच गेले. तो संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या फारसी उपनिषदांवरून १८०१-०२ मध्ये लॅटिन अनुवाद छापला गेला आणि त्यातून युरोपातील विद्वानांना उपनिषदांचा परिचय झाला.

मुलांनो, इतिहासाच्या परीक्षेत तुम्ही लिहाल की दारा हरला, आणि त्याचे गुण तुम्हाला मिळतील. परंतु पुढच्या वेळी किल्ल्यावर सहलीला जाल, तेव्हा सुलेमानची आठवण ठेवा. दुसऱ्याचा धर्म समजून घेण्यासाठी त्याच्यासमोर खाली बसणारा त्याचा पिताही आठवा. सिंहासन मिळणे आपल्या हाती नसते, असे खाली बसणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.

— मुख्याध्यापक