शिऊरचा संसार : श्रीसंत बहिणाबाई आणि गंगाधरपंत

श्रीतुकोबारायांच्या शिष्यमंडळींत ज्यांचं नाव आदरानं घेतलं जातं त्या बहिणाबाई शिऊरच्या. खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) त्या निराळ्या. नावसारखेपणामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो म्हणून आधीच सांगितलेलं बरं. या बहिणाबाईंनी आपली हकीगत स्वतःच अभंगांतून सांगून ठेवली आहे. मराठीतल्या स्त्रीचं पहिलं आत्मचरित्र म्हणून अभ्यासक त्याकडे पाहतात. जस्टिन अ‍ॅबट नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९२९ साली त्याचं इंग्रजी भाषांतरही छापलं. आपल्या कीर्तनांतून मात्र बाईंचा संसार अर्धाच सांगितला जातो. नवऱ्यानं मारलं, बाईंनी सोसलं, म्हणून त्या थोर, एवढ्यावर आख्यान संपतं. गंगाधरपंतांचं पुढे काय झालं हे कुणी सांगत नाही. भाविकहो, गोष्टीचा जीव तर तिथेच आहे.

बाईंचा जन्म १६२८ सालचा, वेरूळजवळच्या देवगावचा. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. तीन वर्षांच्या असताना लग्न झालं. नवरदेव शिऊरचे गंगाधरपंत पाठक, वय तीस, आणि हा त्यांचा दुसरा संसार. वैदिक घराणं, जोशीपण आणि वेदपठण हीच पोटाची विद्या. तीन वर्षांची मुलगी आणि तीस वर्षांचा नवरा हे आज ऐकताना अंगावर काटा येतो. त्या काळी कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा व्हायला पुढे जवळजवळ तीनशे वर्षं जावी लागली.

पुढे देवगावात भाऊबंदकी माजली. आऊजींवर संकट आलं आणि सगळं कुटुंब गाव सोडून निघालं. जावईबापूही त्यांच्याबरोबरच होते. वाटेत भिक्षा मागावी, मिळेल ते खावं, पुढे चालावं. शिखर शिंगणापूर झालं, पंढरपूर झालं. पंढरीत पांडुरंगाचं दर्शन घडलं आणि त्या पोरवयातच बाईंचं मन तिथे गुंतलं. रहिमतपूरला काही दिवस पंतांना भिक्षुकीचं काम मिळालं, ते संपल्यावर मंडळी कोल्हापुरास आली. बहिरंभट नावाच्या विद्वान ब्राह्मणानं घरात जागा दिली. बाईंना तेव्हा अकरावं वर्ष होतं.

पंतांना दान म्हणून एक गाय मिळाली होती. ती व्याली आणि वासराला बाईंचा असा लळा लागला की बाई पाण्याला गेल्या तर ते मागे, कीर्तनाला गेल्या तर तिथेही मागे. त्या सुमारास जयरामस्वामी वडगावकर कोल्हापुरात कीर्तनं करीत होते. स्वामी कीर्तनात तुकोबांचे अभंग म्हणत. बाईंना तुकोबांचं वेड लागलं ते तिथे. एके दिवशी गर्दी फार, म्हणून लोकांनी वासराला बाहेर हाकललं. ते बाहेर हंबरू लागलं, आत बाई रडू लागल्या. स्वामींना हे कळलं. त्यांनी वासराला आत घेतलं आणि दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला.

झालं! ही वार्ता कुणीतरी तिखटमीठ लावून पंतांच्या कानांवर घातली. घरी येऊन त्यांनी बाईंची वेणी धरली आणि गुरासारखं मारलं. तेवढ्यानं राग निवेना, तर मोट बांधावी तसं हातपाय बांधून मारलं. आई, बाप सगळे त्याच घरात. पण गाव सुटलेलं, आधार जावयाचा. ते कितीसं बोलणार? गोठ्यात गाय आणि वासरू दोघांनीही चारापाणी सोडलं. पुढे वासरानं प्राण सोडला आणि बाई कित्येक दिवस शुद्धीवर नव्हत्या. त्याच अवस्थेत तुकोबांनी स्वप्नात येऊन त्यांना मंत्र दिला.

हा मार देवानं घेतलेली परीक्षा होती असं काही मंडळी सांगतात. मला ते पटत नाही. अकरा वर्षांच्या पोरीला चाळिशीकडे झुकलेल्या माणसानं बांधून मारलं, त्याला मारच म्हणावं. बाईंनीही तो झाकलेला नाही, आणि कौतुकानंही सांगितलेला नाही.

पंतांना एवढं झोंबलं काय? ते वेदपाठी ब्राह्मण. बायकोनं गुरू केला तो देहूचा वाणी, शूद्र म्हणून गणलेला, आणि तोही स्वप्नात! त्यातून भर अशी की लोक बाईंना पाहायला येऊ लागले, पाया पडू लागले. घरातला कर्ता पुरुष बाजूला राहिला आणि मान बायकोला मिळू लागला. हे दुखणं फार जुनं आहे, आणि ते ब्राह्मणाच्याच घरात असतं असंही नाही. शेवटी पंतांनी ठरवलं की हिला माहेरच्यांच्या पदरात टाकावी आणि आपण कुठेतरी तीर्थावर निघून जावं. बाई तेव्हा तीन महिन्यांच्या गरोदर होत्या.

इथे बाईंनी जो विचार केला तो त्यांच्या अभंगांत आहे, आणि पतिव्रतेचा धर्म म्हणून तोच आपण नव्या सुनांना ऐकवतो. नवरा निघून गेला तर दगडाचा विठ्ठल आणि स्वप्नातला तुका घेऊन मी काय करू, त्याची सेवा हाच माझा धर्म, अशा अर्थाचं त्या बोलून गेल्या आहेत. हे अभंग कडक आहेत आणि आजच्या लेकीसुनांना ते टोचतील. टोचू देत. पण ते कोणत्या घडीला निघाले हे पाहायला नको का? पोटात मूल, नवरा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतो आहे, माहेर स्वतःच परागंदा. बुडणाऱ्या माणसानं काठ धरावा तसे ते शब्द आहेत. आणि याच बाईंनी दुसरीकडे गाऱ्हाणंही मांडलं आहे की वेदपुराणं स्त्रीला दाराबाहेर ठेवतात, मग तिनं आपलं हित साधावं तरी कसं? दोन्ही अभंग एकाच तोंडचे. एक सांगायचा आणि दुसरा गाळायचा, हा न्याय नव्हे.

बाई नवऱ्याच्या सगळ्या आज्ञा पाळत. एक सोडून. तुकोबांचं नाव त्यांनी टाकलं नाही. त्यावरून भांडल्या नाहीत, उलट बोलल्या नाहीत, आणि टाकलंही नाही.

मग पंत आजारी पडले. अंगाची लाही होई, दुखणं महिनाभर हललं नाही. बाई रात्रंदिवस उशाशी बसून होत्या. अंथरुणावर पडल्यापडल्या पंतांच्या मनात आलं की आपण संताची निंदा केली, त्याचं हे भोगणं आहे. जिला टाकायला निघालो तीच आपलं करते आहे, हेही ते डोळ्यांनी पाहत होते. बरे झाल्यावर देहूला जायचं पंतांनीच मनात घेतलं. बायको, सासूसासरे, गाय, सगळ्यांना घेऊन वैदिक गंगाधरपंत तुकोबांच्या दारी निघाले. जातीचा अभिमान उरावर घेऊन कोल्हापुरातल्या कोल्हापुरात फिरणं सोपं असतं. तो खाली ठेवून कोल्हापुराहून देहू गाठायची म्हणजे वाट लांबची.

देहूत पोचले तेव्हा तुकोबा देवळात आरती करीत होते. स्वप्नात पाहिलेलंच रूप बाईंनी समोर पाहिलं. पंतांनीही नमस्कार केला. मुक्काम कोंडाजीपंतांच्या घरी पडला. आधी मंबाजी गोसाव्याकडे जागा मागितली होती, त्यानं हाकलून दिलं. ब्राह्मण असून शूद्राला गुरू मानता, हाच त्याचा राग. त्यानं पुण्याच्या आपाजी गोसाव्याला पत्र लिहून कागाळी केली. बाईंची गाय बांधून काठीनं झोडपली. ते वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले असं बाई सांगतात. कोल्हापुरात पंतांनी स्वतः जे बोलणं बायकोला ऐकवलं होतं, तेच आता दुसऱ्याच्या तोंडून कुटुंबाबरोबर त्यांना ऐकावं लागत होतं. तरी ते देहू सोडून गेले नाहीत.

देहूस असताना मुलगी झाली, काशी. नंतर मुलगा झाला, त्याचं नाव विठोबा. वेदपाठ्याच्या घरात मुलाचं नाव विठोबा ठेवलं गेलं! तुकोबा १६५० मध्ये वैकुंठास गेले. पुढे बाई शिऊरला नांदल्या. संसार चालला, अभंग चालले. ब्राह्मण कोणाला म्हणावं हा प्रश्न विचारणाऱ्या वज्रसूचीचा आशयही त्यांनी मराठीत आणला, आणि ब्राह्मणपण जन्मावर नाही, ब्रह्मज्ञानावर आहे असं सांगितलं. वेदपाठी पाठकांच्या सुनेनं हे लिहिलं.

अंतकाळ जवळ आला तेव्हा विठोबा बाहेरगावी होता. बाईंनी पत्र पाठवून त्याला बोलावून घेतलं. आपले मागचे बारा जन्म त्याला सांगितले आणि हा तेरावा शेवटचा म्हणाल्या. शके १६२२, म्हणजे १७०० साली, आश्विन शुद्ध प्रतिपदेला त्यांनी देह ठेवला. वय बहात्तर. वैजापूर तालुक्यात शिऊरला त्यांची समाधी आहे.